संत जीन जुगान : वृद्धेला स्वतःची शय्या देणारी कोळीकन्या

३० ऑगस्ट हा संत जीन जुगान यांचा सण. संत अंतोनी, संत मदर तेरेसा यांच्या तसबिरी आपल्या घराघरांतून दिसतात; फ्रान्समधील या कोळीकन्येचे नाव मात्र आपल्या भाविकांच्या कानी क्वचितच पडते. वृद्धांच्या सेवेसाठी ज्यांनी आयुष्य वेचले आणि ज्यांना स्वतःच्या वृद्धत्वात विस्मृतीचा वनवास भोगावा लागला, अशा या संत स्त्रीचे चरित्र खानदेशातील वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होते.

त्यास कारणही आहे. पारोळा हे गाव धुळे-जळगाव महामार्गावर वसलेले आहे. हाच रस्ता पश्चिमेस सुरतेला जातो आणि आपल्या भागातील किती तरी तरुण याच रस्त्याने कामधंद्यासाठी सुरतेस, नाशिकला अथवा पुण्यास गेलेले आहेत. पारोळा, अमळनेर, एरंडोल या टापूत आपली ख्रिस्ती कुटुंबे मुळातच थोडी आणि विखुरलेली. त्यांतील कर्ती माणसे बाहेर गेली की मागे उरतात ते वडीलधारे. ओसरीवरच्या बाजेवर बसून फोनची वाट पाहणारे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांसाठी पवित्र कम्युनियन घेऊन जाणाऱ्या धर्मगुरूंना हे दृश्य नवे नाही. मुले वाईट आहेत असे मुळीच नाही. पैसे वेळेवर येतात, औषधे येतात. परंतु रात्री उठवून पाणी कोणी द्यायचे, हा प्रश्न पैशाने सुटत नाही.

जीन जुगान यांचा जन्म २५ ऑक्टोबर १७९२ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कांकाल या समुद्रकाठच्या गावी झाला. फ्रेंच राज्यक्रांतीचा तो काळ. धर्मगुरू परागंदा झालेले, मंदिरे बंद पडलेली, आणि मुलांना धर्मशिक्षण द्यायचे तर ते घरात लपूनछपून, अशी स्थिती होती. जीन अवघ्या साडेतीन वर्षांच्या असताना मासेमारीस गेलेले वडील समुद्रातून परतले नाहीत. आईने मोलमजुरी करून मुले वाढविली. जीन गुरे राखीत, सूत कातीत, घरकामात आईला हात देत. साधारण सोळाव्या वर्षी त्या जवळच्या एका सरदार घराण्यात स्वयंपाकघरातील मोलकरीण म्हणून लागल्या. घरची मालकीण धर्मशील होती. गावातील आजारी व गरीब माणसांच्या भेटीस जाताना ती या मुलीला बरोबर नेई. गरिबाच्या घरात शिरताना आवाज कसा असावा, नजर कशी असावी, हे जीन तेथे शिकल्या असाव्यात असे आम्हांस वाटते.

एका तरुण खलाशाने त्यांना मागणी घातली होती. त्यांनी ती नाकारली. काही वर्षांनी त्याने पुन्हा विचारले, तेव्हाही नाकारली. परमेश्वराने आपल्याला एखाद्या कार्यासाठी राखून ठेवले आहे, एवढेच त्यांना जाणवत होते. ते कार्य कोणते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते, आणि पुढील बावीस वर्षे ते कळणारही नव्हते.

१८१७ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्या सेंट सर्व्हान या बंदराच्या गावी आल्या आणि तेथील रुग्णालयात परिचारिकेचे काम करू लागल्या. रुग्णालय माणसांनी खच्चून भरलेले, साधने अपुरी, काम अहोरात्र. सहा वर्षांनी त्यांचे शरीर थकले आणि त्यांना ते काम सोडावे लागले. संतचरित्रांतून असे प्रसंग सहसा घाईने उरकले जातात; आम्ही मात्र येथे थोडे थांबू इच्छितो. जी स्त्री पुढे वृद्धसेवेची जणू माता ठरली, तीच तिशी उलटण्याच्या सुमारास सेवा करून करून खचली होती. तिच्या श्रद्धेत उणेपणा होता म्हणून नव्हे, तर एका माणसाच्या देहाला मर्यादा असते म्हणून. आपल्या घरांतून अंथरुणाला खिळलेल्या सासूचे किंवा सासऱ्याचे सर्व काही एकटी सून करीत असते. तिची झोप मोडते, कंबर दुखते, कधी तोंडून कठोर शब्द जातो आणि मग ती पापनिवेदनात रडते. तिला सहनशीलतेचा उपदेश करण्यापूर्वी घरातील पुरुषांनी, नणंदांनी आणि शेजाऱ्यांनी आठवड्यातील एक-दोन रात्री तरी वाटून घेतल्या पाहिजेत. जीन यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. कुमारी लकोक नावाच्या एका प्रौढ, धार्मिक बाईंनी त्यांना आपल्या घरी आणले. नावाला जीन त्यांच्या मोलकरीण होत्या. वस्तुतः दोघी मैत्रिणींप्रमाणे राहिल्या. दोघी मिळून प्रार्थना करीत, मुलांना धर्मशिक्षण देत, गरिबांच्या भेटीस जात. अशी बारा वर्षे गेली. १८३५ साली लकोकबाईंचे निधन झाले. शेवटच्या आजारात त्यांची शुश्रूषा जीन यांनीच केली.

त्यानंतर जीन यांनी फ्रान्स्वाझ ओबेर नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंसमवेत एक लहानसे बिऱ्हाड केले. व्हर्जिनी त्रेदानिएल ही सतरा वर्षांची अनाथ मुलगीही त्यांच्यात येऊन राहिली. म्हातारी सूत काती, मुलगी शिवणकाम करी, जीन दिवसभर लोकांच्या घरी धुणीभांडी करीत किंवा आजाऱ्यांपाशी बसत. तीन पिढ्यांच्या या तीन बायका. रक्ताचे नाते कोणाचेच कोणाशी नव्हते.

१८३९ च्या हिवाळ्यात जीन यांना अॅन शोव्हां ही विधवा आढळली. ती वृद्ध, अंध आणि अर्धांगवायूने पंगू झालेली होती. तिला पाहणारे कोणी उरले नव्हते. जीन यांनी तिला उचलून घरी आणले आणि आपल्या खाटेवर निजविले. स्वतः त्या माळ्यावर जाऊन झोपल्या. जीन त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. ज्या कार्यासाठी आपण राखून ठेवलेल्या आहोत असे त्यांना वाटत आले होते, ते असे पाठीवर बसून घरी आले.

या प्रसंगाची चित्रे पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळतात. तथापि दुसऱ्या दिवसाचे चित्र कोणी काढीत नाही. अंध आणि पंगू वृद्धेला भरवावे लागते, पुसावे लागते, तिचे कपडे बदलावे लागतात, आणि तेही रोज. आज आपण जाणतो की अंथरुणात पडून असलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलली पाहिजे, अन्यथा पाठीवर व टाचांवर दाबामुळे जखमा होतात आणि त्या भरून येणे फार कठीण असते. म्हातारपणी आलेली अंधता पुष्कळदा मोतीबिंदूची असते आणि छोट्या शस्त्रक्रियेने दृष्टी परत येऊ शकते; आता वय झाले, असे म्हणून तिकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. न्हाणीघरातील ओली फरशी, रात्रीचा अंधार आणि दाराचा उंच उंबरठा यांपायी कित्येक वृद्धांचे खुब्याचे हाड मोडते. एक हातकठडा आणि एक मंद दिवा यांनी हे पुष्कळसे टळते. तेच ते पुन्हा पुन्हा विचारणारे, घरातल्याच माणसाला न ओळखणारे वडील हट्टी झालेले नसतात. तो बहुधा स्मृतिभ्रंशाचा आजार असतो आणि त्यासाठी वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो. पवित्र शास्त्रातील सिराखच्या ग्रंथकर्त्याने पित्याची बुद्धी मंदावली तरी त्याच्याशी सहनशीलतेने वागण्यास मुलाला बजावले आहे. म्हणजे हे दुःख बावीस शतकांपूर्वीच्या घरांतूनही होते.

अॅन शोव्हां यांच्या पाठोपाठ आणखी एक वृद्धा आली, मग आणखी काही. १८४१ साली जीन यांनी एक जुनी खानावळ भाड्याने घेतली. तेथे बारा वृद्धांची सोय झाली. पुढच्या वर्षी एक जुना मठ विकत घेण्यात आला. आता एवढ्या माणसांना खाऊ काय घालायचे? यांतील अनेक वृद्धा पूर्वी भीक मागून जगत. पोट भरेना तेव्हा त्यांना पुन्हा रस्त्यावर जाण्याची पाळी येणार होती. जीन यांनी त्यांच्याकडून त्या ज्या ज्या दारी जात त्यांची नावे विचारून घेतली आणि त्यांच्याऐवजी स्वतः टोपली हाती धरून त्या दारांवर जाऊ लागल्या. संत जॉन ऑफ गॉड यांच्या संघाच्या ब्रदरांनी त्यांना या मार्गावर धीर दिला. ब्रिटनीच्या माणसाला आपल्या स्वाभिमानाचा मोठा अभिमान. जीनही त्याला अपवाद नव्हत्या. हात पसरणे त्यांना जड जाई आणि पुढे अनेक वर्षे जात राहिले, हे त्यांनी लपविले नाही. पण म्हातारीच्या वाट्याची लाज त्यांनी आपल्या अंगावर घेतली.

त्यांच्या चरित्रकारांना हाच प्रसंग अधिक भावतो की नाही, आम्हांस ठाऊक नाही. आम्हांस मात्र तो खाटेच्या प्रसंगाहून थोर वाटतो. वृद्धाला अन्न देणारे पुष्कळ भेटतात. मागण्याची वेळच त्याच्यावर येऊ न देणे ही निराळी गोष्ट आहे. चष्मा फुटला हे मुलाला सांगायला संकोचणारे बाप आणि औषध संपले हे सुनेला सांगायला कचरणाऱ्या आया आपल्या धर्मग्रामांतूनही आहेत. २००७ साली आपल्या देशात आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यान्वये दुर्लक्षित मातापित्यांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. २०२१ पासून १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांकही देशभर उपलब्ध आहे. गरज असेल त्याने या सोयींचा लाभ अवश्य घ्यावा, त्यात कमीपणा नाही. परंतु आपला पोटचा मुलगा आपल्या विरुद्ध पक्षात उभा असलेला पाहणे कोणत्या आईला आवडेल?

टोपली घेऊन फिरताना जीन यांचा अपमानही होई. एका गृहस्थाने संतापून त्यांना थोबाडीत मारली, असे सांगतात. त्यावर त्यांनी त्याचे आभार मानले आणि हे माझ्या वाट्याचे झाले, आता माझ्या गरिबांसाठी काही द्या, अशी विनंती केली. त्याने दिले. गोष्ट प्रसिद्ध आहे. पण या स्त्रीला विनोदाचे अंग होते, हे त्या गोष्टीतून ध्यानात येते की नाही, याची आम्हांस शंका वाटते. आंजे शहरातील आश्रमात वृद्धांना कोरडी भाकरी खावी लागत असल्याचे पाहून त्यांनी लोण्याची रिकामी भांडी संत योसेफाच्या मूर्तीपुढे मांडून ठेवावयास लावली आणि वृद्धांसाठी लोणी पाठवावे अशी चिठ्ठीही तेथे ठेवविली. लोणी आले.

याच सुमारास, १८४५ साली, फ्रेंच अकादमीने त्यांना मोंतियों पारितोषिक दिले. गरीब नागरिकाने केलेल्या थोर सत्कृत्यासाठी ते दिले जाई. रक्कम ३,००० फ्रँक होती. त्यांच्या नावाची शिफारस गावच्या प्रतिष्ठित नागरिकांनी केली होती, आणि त्या शिफारशीत हे कार्य कोणी उभारले याविषयी संदिग्धता नव्हती. हा कागद पुढे फार मोलाचा ठरणार होता.

आता या चरित्राचा जो भाग आला आहे, तो आम्हां धर्मगुरूंना वाचावयास अप्रिय आहे. १८४२ साली जीन आणि त्यांच्या सहकारी भगिनींचा लहानसा संघ स्थापन झाला आणि जीन त्याच्या प्रमुख निवडल्या गेल्या. डिसेंबर १८४३ मध्ये भगिनींनी त्यांची पुन्हा निवड केली. परंतु अवघ्या दोन आठवड्यांनी संघाचे मार्गदर्शक धर्मगुरू ऑगस्त ल पायर यांनी ती निवड एकट्याच्या अधिकारात रद्द केली आणि मारी जामे या तरुण भगिनीला प्रमुख नेमले. जीन यांनी विरोध केला नाही. त्या टोपली घेऊन पुन्हा रस्त्यावर उतरल्या. रेन, दिनान, तूर, आंजे येथील आश्रम उभे राहिले त्यात त्यांच्या पायपिटीचा वाटा मोठा होता. १८५२ साली रेनच्या बिशपांनी संघास मान्यता दिली, आणि त्याच वर्षी ल पायर यांनी जीन यांना मातृगृही बोलावून घेतले. लोकांत जायचे नाही, देणगीदारांशी संबंध ठेवायचा नाही, असा आदेश होता. त्या वेळी त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या. क्रूसाची मेरी हे त्यांचे व्रतस्थ नाव. १८५६ पासून सेंट पेर्न येथील मोठ्या मातृगृहात त्या राहिल्या, त्या अखेरपर्यंत. एकूण सत्तावीस वर्षे.

मातृगृही शेकडो तरुण उमेदवार भगिनी येत. काठी टेकीत हिंडणारी ही वृद्ध भगिनी आपल्या संघाची संस्थापिका आहे, हे त्यांतील बहुतेकींना ठाऊक नव्हते. ल पायर यांनी स्वतःस संस्थापक म्हणवून घेतले आणि संघाच्या इतिहासात जीन यांना तिसऱ्या भगिनीचे स्थान दिले. वृद्धांना मान द्यावा म्हणून निघालेल्या संघातच त्याच्या आद्य सेविकेचे वृद्धत्व असे बाजूला सारले गेले. हा अन्याय होता. त्यांनी तो नम्रतेने सोसला म्हणून तो न्याय्य ठरत नाही, आणि दुसऱ्याच्या आज्ञाधारकपणाचा आधार घेऊन कोणी त्यावर पांघरूण घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरीही ती सत्तावीस वर्षे वाया गेली असे म्हणवत नाही. तरुण भगिनी त्यांच्या सोबतीला राहत, चालता चालता शिकत. गरीब वृद्धाला भेटताना आपण प्रत्यक्ष प्रभू येशूला भेटतो, हे त्या सांगत. शक्ती आणि धीर संपला की प्रार्थनामंदिरात जाऊन ते प्रभूलाच सांगावे आणि मग पुन्हा कामाला लागावे, असे त्यांचे शिकवणे असे. १८६५ साली एक महत्त्वाचा प्रसंग आला. ठेवी आणि कायमचे उत्पन्न देणारी मिळकत संघाने स्वीकारावी काय, असा प्रश्न उपस्थित झाला. तेव्हा या विस्मृत भगिनीला विचारविनिमयासाठी बोलावण्यात आले. ठराविक उत्पन्न घेऊ नये, परमेश्वराच्या आणि लोकांच्या औदार्यावरच विसंबून राहावे, असा कौल त्यांनी दिला, आणि संघाने तो मानला. म्हातारपणी माणसाला अंथरूण, पथ्य आणि औषध लागते, तसेच कोणीतरी आपले मत विचारावे असेही लागते. घरात जमिनीचा, लग्नाचा, घर बांधण्याचा निर्णय होत असताना आजोबांना आतल्या खोलीत बसविणाऱ्या कुटुंबांनी या प्रसंगाचा विचार करावा.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. पहिल्या वृद्धेचे अंधत्व आता त्यांच्याही वाट्याला आले. १ मार्च १८७९ रोजी पोप तेरावे लिओ यांनी संघाच्या नियमावलीस मान्यता दिली. २९ ऑगस्ट १८७९ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, जीन जुगान प्रभूघरी गेल्या. त्या समयी संघाच्या सुमारे २,४०० भगिनी १७७ आश्रमांतून सेवा करीत होत्या. एका खाटेपासून झालेला हा विस्तार त्यांना ठाऊक होता. आपले नाव त्यात कोठे आहे, याची विचारपूस त्यांनी केल्याचे आढळत नाही.

सत्य उघडकीस येण्यास आणखी अकरा वर्षे लागली. १८९० साली ल पायर यांना रोमला बोलावून घेऊन अधिकारापासून दूर करण्यात आले. मारी जामे यांनीही आपण पहिल्या नव्हतो, आपल्याला तसे वागावयास सांगितले गेले होते, हे आपल्या मृत्यूपूर्वी मान्य केले. अकादमीपुढे गेलेली ती जुनी शिफारस पुन्हा वाचली गेली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३ ऑक्टोबर १९८२ रोजी जीन यांना धन्य घोषित केले, आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संतपद बहाल केले. कुष्ठरोग्यांचे सेवक फादर दामियन यांनाही त्याच दिवशी संतपद लाभले. सणासाठी ३० ऑगस्ट ही तिथी नेमण्यात आली, कारण २९ ऑगस्ट हा संत योहान बाप्तिस्ता यांच्या शिरच्छेदाचा स्मरणदिन आहे.

गरिबांच्या लहान भगिनी या नावाने ओळखला जाणारा हा संघ जीन यांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, १८८२ साली, भारतात आला. पहिला आश्रम कोलकात्यास निघाला. म्हणजे पारोळ्यावरून जाणारा आपला हा जुना सहा क्रमांकाचा महामार्ग पूर्वेस जेथे संपत असे, त्या शहरात. मुंबईत अंधेरीला महाकाली गुंफा मार्गावर त्यांचा आश्रम आहे. गरीब वृद्धांना तेथे जात वा धर्म न पाहता ठेवून घेतले जाते, आणि भगिनी आजही वृद्धांसाठी लोकांच्या दारी जातात. कोणाही वृद्धाला आपले घर सोडावेसे वाटत नाही, हे खरे. परंतु ज्याला घरच उरलेले नाही, किंवा ज्याच्या घरी त्याला उचलणारे दोन हात नाहीत, त्याच्यासाठी अशी जागा असणे ही लाजिरवाणी गोष्ट मानू नये. भेटीला मात्र जात राहावे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलै महिन्याचा चौथा रविवार आजीआजोबा व वृद्धजनांचा जागतिक दिन म्हणून नेमून दिला आहे. प्रभू येशूचे आजीआजोबा संत योआकिम व संत अॅना यांच्या २६ जुलैच्या सणाशी तो जोडलेला आहे. तेथून जीन जुगान यांच्या सणापर्यंत साधारण महिनाभराचा अवधी मिळतो. या अवधीत आपल्या घरातील किंवा शेजारातील ज्या वृद्धांना मंदिरापर्यंत येणे शक्य नाही त्यांची नावे व पत्ते भाविकांनी आपल्या धर्मगुरूंकडे द्यावेत. म्हणजे त्यांच्या घरी पवित्र कम्युनियन नेता येईल आणि इच्छा असेल त्यांना आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा संस्कारही देता येईल. जी वृद्ध मंडळी एकटी राहतात त्यांच्या नावापुढे तसे अवश्य लिहावे, आणि रात्री-अपरात्री त्यांच्यापर्यंत पोहोचू शकेल अशा एका शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांकही सोबत द्यावा.